सात दिवसांत उत्तर नाही

यादीचं दुसरं पान उघडायचं रसिकाला काहीच कारण नव्हतं. पहिल्या पानावर हवी ती हजार नावं होती, समितीने मंजूर केलेली, काळ्या दगडात कोरायला निघालेली. तिचं काम त्या दगडाचा गाजावाजा करायचं होतं, नावं तपासायचं नव्हे. पण बावीस वर्षं जनसंपर्काच्या धंद्यात काढलेल्या माणसाला, समोरचा जे दाखवत नाही तेच आधी बघायची खोड लागते. दुसऱ्या पानाला मथळा होता ‘वगळलेली खाती’. चाळीसेक नावं आणि प्रत्येकापुढे वगळण्याचं कारण. सतराव्या ओळीत होतं : ‘द्वारका प., मराठी. बनावट खाते, कायमचे बंद.’ गुरुग्राममधल्या तिच्या अकराव्या मजल्यावरच्या ऑफिसात एसी इतका जोरात होता, की निम्म्या मुली खांद्यावर शाल घेऊन बसायच्या. रसिकाला मात्र एकदम मानेमागे घाम आला. तिने पान बंद केलं, पाणी प्यायली, पुन्हा उघडलं. ओळ तिथेच होती. बाराएक वर्षांपूर्वी जी गोष्ट तिने स्वतःच्या हाताने लिहून काढली होती, ती कुणीतरी आता शासकीय नोंदीसारखी कोरडी करून तिच्यासमोर ठेवली होती. आणि तिला पहिली जाणीव झाली ती अपराधाची नव्हती, हे नंतर तिला फार लागलं. पहिला विचार आला तो असा, की यात माझं नाव कुठे आहे का?

नाव अर्थातच नव्हतं. जनकोशावर खरं नाव लावायची सक्ती नसते. इंटरनेटवरचा हा ज्ञानकोश कुणीही वाचावा आणि कुणीही लिहावा असा. लिहिणाऱ्याला ना मानधन ना शाबासकी. कुणी निवृत्त मास्तर, कुणी बँकेतली बाई, कुणी परीक्षेचा अभ्यास टाळणारं पोर, असे हजारो लोक वर्षानुवर्षं घरी बसून एकेक ओळ घालतात, दुसऱ्याची चूक सुधारतात, भांडतात आणि पुन्हा लिहितात. अशा लोकांसाठी दक्षिण दिल्लीतल्या एका बागेत बारा दगडी पानांचं स्मारक उभं राहत होतं, आणि त्याच्या प्रसिद्धीचं काम रसिकाच्या कंपनीकडे आलं होतं. घोषवाक्यही तिचंच होतं : ‘जिन्होंने लिखा, पर नाम नहीं माँगा.’ बैठकीत ते वाचून दाखवलं तेव्हा समितीतल्या एका वृद्ध गृहस्थांनी चष्मा काढून डोळे पुसले होते. रसिकाला तेव्हा आनंद झाला होता, नेहमी होतो तसा, काम जमल्याचा. आता तेच वाक्य समोरच्या भिंतीवर मोठ्या कागदावर डकवलेलं होतं आणि तिला तिकडे बघवत नव्हतं. इतक्यात धीरज आला. तिच्या हाताखालचा, उत्साही, प्रसिद्धीच्या व्हिडिओसाठी कायम कुणाचा तरी चेहरा शोधणारा. ‘मॅम, फेस मिल गया! अठहत्तर साल के अंकल, आर. के. पुरम में रहते हैं, पंद्रह साल से लिख रहे हैं. आपके महाराष्ट्र के हैं. सूर्यकांत पळसुले. आप ही मिल लीजिए ना, मराठी में खुल के बोलेंगे.’ रसिकाने विचारलं, आडनाव काय म्हणालास? धीरजने पुन्हा सांगितलं. पळसुले. ती म्हणाली, ‘ठीक है, मैं देखती हूँ.’

बारा वर्षांपूर्वी ती नुकतीच पुण्याहून इकडे आली होती. नवरा नव्हता, मूल नव्हतं, भाड्याचं घर आणि कर्तबगारी दाखवायची घाई एवढंच होतं. पहिलंच मोठं गिऱ्हाईक एक बिल्डर. बेलौंदा गावाच्या जमिनीवर त्याचे सहा टॉवर उठले होते आणि पुण्या-मुंबईहून बदलून येणाऱ्या आयटीवाल्यांना तिथले फ्लॅट विकायचे होते. हे लोक घर घेण्याआधी सगळं चाळून बघतात, मातृभाषेतलंसुद्धा. जनकोशाच्या मराठी पानावर त्या वसाहतीबद्दल चार परिच्छेद होते आणि शेवटी एक ओळ : ‘या जागी पूर्वी बेलौंदा गावाचा जोहड, म्हणजे पावसाचं पाणी साठवणारं सामायिक तळं होतं.’ बिल्डरला ती ओळ नको होती. मराठी येणारी कंपनीत रसिका एकटी, त्यामुळे काम तिच्यावर आलं. तिने ‘तटस्थ’ नावाचं खातं काढलं आणि ओळ पुसली. संध्याकाळी ओळ परत. पुन्हा पुसली; पुन्हा परत, या वेळी महसुली नकाशाच्या क्रमांकासकट. तिसऱ्यांदा परत आली ती जुनं छायाचित्र घेऊन, पायऱ्यांवर म्हशी आणि मागे अर्धवट बांधलेला टॉवर. घालणारी ‘द्वारका प.’, आणि तिची री ओढणारं दुसरं खातं ‘सूर्यकांत आरकेपुरम’. सुरुवातीला रसिकाला गंमत वाटली, मग चिडचिड झाली, मग साहेबाने दोनदा विचारलं. तिने त्या दोघांचं सगळं मागचं लिखाण चाळलं. दोघं पाच-दहा मिनिटांच्या अंतराने लिहीत, कधी एकमेकांच्या विरुद्ध बोलत नसत, आणि द्वारका त्या दुसऱ्याला नावाने कधीच हाक मारत नसे; ‘आपण लिहिलेले बरोबर आहे’ असं मोघम लिही. जनकोशात एका माणसाने दोन नावं घेऊन पाठिंब्याचा देखावा करणं हा मोठा गुन्हा. रसिकाने तक्रार टाकली. प्रचालकांनी, म्हणजे तिथली शिस्त सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांनी तपासलं, तर दोन्ही खाती एकाच घरातल्या एकाच इंटरनेट जोडणीवरून चाललेली. त्यांनी चर्चेच्या पानावर विचारलं : आपण दोन वेगळ्या व्यक्ती आहात का? सात दिवसांत खुलासा करावा. सात दिवस तिकडून अक्षर आलं नाही. आठव्या दिवशी सकाळी रसिकाने लिहिलं, ‘सात दिवसांत उत्तर नाही, याचा अर्थ कबुली.’ किती नेमकं वाक्य होतं! तिला तेव्हा स्वतःचंच कौतुक वाटलं होतं. दुपारपर्यंत दोन्ही खाती बंद झाली आणि ओळ गेली ती गेली.

बुधवारी ती आर. के. पुरमला गेली. सरकारी क्वार्टर पळसुल्यांच्या मुलीच्या नावावर होतं. अश्लेषा कुठल्याशा मंत्रालयात होती आणि त्या वेळी कचेरीत होती. दार उघडलं ते स्वतः पळसुल्यांनीच. ताठ, किडकिडीत, घरातही इस्त्रीचा शर्ट. चहा त्यांनीच केला, आणि साखर किती हे विचारून तेवढीच घातली. चाळीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस. निवृत्त झाले ते सेक्शन ऑफिसर म्हणून. रसिकाने फोन समोर ठेवून ठरलेले प्रश्न विचारायला सुरुवात केली. लिहायला का लागलात, काय मिळालं. ते जरा वेळ नीट उत्तरं देत राहिले, आणि मग म्हणाले, ‘रसिकाताई, एक सांगू? हे सगळं तुम्ही चुकीच्या माणसाला विचारताय. लिहिणारी ती होती.’ भिंतीवर फोटो होता. रुंद कपाळाची बाई, फोटोसाठी नव्हे तर कुणीतरी मध्येच बोलल्यावर हसावं तशी हसलेली. चार वर्षांपूर्वी गेली, ते म्हणाले. ‘दिल्लीतल्या बावड्या, तळी, विहिरी. बस बदलत बदलत जायची, गावातल्या म्हाताऱ्यांशी आपल्या त्या मराठी हिंदीत बोलायची. ते लोक तिला चहा पाजायचे. मी नुसता मागोमाग जाऊन तारीख-बिरीख तपासायचो. ऑफिसची सवय.’

मग त्यांनी फाइल आणली. हिरव्या दोऱ्याच्या टॅगने बांधलेली, पानांना क्रमांक घातलेली. ‘आमच्यावर आरोप आला, की दोघं एकच आहोत म्हणून. आता आम्ही नवरा-बायको आहोत हे तिथे कुणाला सांगितलं नव्हतं. घरातलं चव्हाट्यावर कशाला न्यायचं? आणि ती माझं नाव घ्यायची नाही, जुन्या वळणाची. तेही तिच्या अंगाशी आलं. बरं, खुलासा मागितला. ती म्हणाली, मी लगेच तिथे पानावर लिहिते. मी म्हटलं, अजिबात नाही. पानावर कोणीही काहीही लिहील, त्याला काय अर्थ? कारणे दाखवा नोटिसीचं उत्तर असं देतात का कुठे?’ रसिका ऐकत होती आणि तिला पुढचं कळू लागलं होतं. त्यांनी दोन पानी खुलासा टाइप केला होता. सोबत रेशनकार्डाची प्रत, त्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणि शिक्का. तिच्या बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान. दोघांचे फोटो. हे सगळं त्यांनी जनकोशाच्या संस्थेच्या पत्त्यावर स्पीडपोस्टाने धाडलं होतं. पोचपावती फाइलला डकवलेली होती. पाकीट नवव्या दिवशी पोचलं. ‘तिथे टपाल कोण उघडतं, कुणास ठाऊक. मी दोन स्मरणपत्रंही पाठवली,’ ते म्हणाले. सहा महिन्यांनी त्यांचं खातं मूळ खातं म्हणून पुन्हा सुरू झालं आणि तिचं बनावट ठरून बंदच राहिलं. ‘ती म्हणायची, मी आहे हे त्यांना कसं पटवायचं हो? मग म्हणाली, तुम्ही लिहा. वह्या भरत राहिली आणि मी ते माझ्या नावावर चढवत गेलो. तुमच्या त्या हजारात माझं नाव आलंय ना, त्यातलं निम्मं तिचं आहे. निम्म्याहून जास्तच.’ त्यांनी चहाचा रिकामा कप बशीत सरळ केला. ‘मध्ये माझी नात, वैभवी, कॉलेजात आहे, तिने ते पान बघितलं. म्हणाली, आजोबा, नानी फेक थी क्या? गमतीत म्हणाली हो. पण मी चार रात्री झोपलो नाही.’

रसिकाच्या तोंडात शब्द आला होता. मी, एवढाच. तो बाहेर पडला असता तर पुढचं आपोआप आलं असतं. ‘माझं एक काम कराल?’ त्यांनीच विचारलं. ‘मला ते व्हिडिओ वगैरे काही नको. तिचं नाव त्या दगडावर येईल का बघा. जागा नसेल तर माझं काढा आणि तिचं घाला.’ ती म्हणाली, ‘मी बघते, काका. प्रयत्न करते.’ असं ती दिवसातून दहा लोकांना म्हणायची. त्यांनी मात्र ते कागदावर सहीशिक्क्यानिशी मिळाल्यासारखं घेतलं आणि जिन्यापर्यंत सोडायला आले.

परतताना गाडी हायवेवर अडकली, आणि जे तिने स्वतःलासुद्धा कधी धड आठवू दिलं नव्हतं ते त्या रखडलेल्या तासात शेजारी येऊन बसलं. जनकोशात एकमेकांना खासगी पत्र पाठवायची सोय असते. तक्रारीच्या चार दिवस आधी द्वारकाबाईंचं पत्र आलं होतं. ‘तटस्थ यांस. तुम्ही मराठी दिसता आणि गुरुग्रामकडचे असावेत. त्या तळ्यावरून आपली उगाच खेचाखेची चालली आहे. एकदा माझ्याबरोबर बेलौंद्याला चला, तळं कुठे होतं ते मी स्वतः दाखवते. परत येताना आमच्याकडे जेवून जा. आमचे हेही इथे लिहितात, पण त्यांना ते सांगितलेलं आवडत नाही, तेव्हा आपल्यातच ठेवा.’ खाली घरचा पत्ता. नव्या शहरात आठवडाभर कुणाशी मराठीत बोलायला न मिळालेल्या रसिकाने ते पत्र तीनदा वाचलं होतं. वरण-भात असेल का, असासुद्धा विचार मनात आला होता, कारण बाहेरचं खाऊन तोंडाची चव गेली होती. आणि मग त्याच पत्रातून तिला कळलं होतं, की ही दोन खाती एका घरातली आहेत. तक्रार तिथून सुचली. दोघं एकच आहेत असं तिला वाटलं होतं असं नव्हे, तसा संशय आला असंही नव्हे. ती बाई आहे, तिला नवरा आहे, ती जेवायला वाढणार आहे, हे सगळं पक्कं माहीत असताना तिने ‘एकच व्यक्ती’ असं लिहिलं होतं. पत्र पुसून टाकलं होतं. पुढे तिला बढती मिळाली, घर झालं, माणसं आली आणि गेली, आणि या गोष्टीला तिने मनात ‘तेव्हाचं ते प्रकरण’ असं नाव दिलं, जणू ते दुसऱ्याच कुणाचं होतं. एका ओळीसाठी एका बाईला तिने पुसलं होतं. गाडीत बसल्या बसल्या तिला स्वतःची इतकी किळस आली, की ड्रायव्हरने मागे वळून विचारलं, ‘मॅडम, तबीयत ठीक है?’

गुरुवारी तिने समितीचे सचिव हरीश यांना फोन केला. ते सज्जन, नियमाला धरून चालणारे. ‘मला वाईट वाटतं हो,’ ते म्हणाले. ‘पळसुल्यांनी मलाही लिहिलंय. पण खातेदाराने स्वतः अर्ज करायला हवा आणि त्या तर राहिल्या नाहीत. दुसरा मार्ग एकच, तक्रारदाराने तक्रार मागे घ्यायची. खोटी होती असं त्याच पानावर लिहायचं. मग मी लगेच नाव घालतो. शुक्रवारी पाचला यादी कोरायला जातेय. पण तो तटस्थ कोण, कुठला? बारा वर्षं फिरकलाच नाहीये.’ रसिका म्हणाली, ‘हो ना.’

शुक्रवारी दुपारी तिने ते खातं उघडलं. जुना परवलीचा शब्द तिच्या बोटांना अजून पाठ होता. चर्चेचं पान जसंच्या तसं होतं, तिथलं काही पुसलं जात नाही. तिचं ते वाक्यही होतं, तारीख-वेळेसकट. खाली तिने लिहिलं, ‘ही तक्रार खोटी होती आणि मला ते माहीत होतं.’ पुढे स्वतःचं नाव लिहिलं. वाचलं. मग तिला दिसू लागलं, की उद्घाटनाला आठवडा उरलेला असताना हे पान कुणीतरी वाचणार, वर्तमानपत्रात देणार. स्वयंसेवकांच्या स्मारकाचा डंका पिटणारी बाईच स्वयंसेवकाला खोटं पाडणारी निघाली म्हणून सगळे तोंडसुख घेणार. कंपनी हात झटकणार. सेहेचाळीसाव्या वर्षी तिला कोण दारात उभं करणार होतं? नाव न घालता लिहावं? पण मग कुणी म्हणेल, खातं कुणी चोरलं. असं करता करता चार वाजले. तिचा साहेब अनुराग काचेच्या दारातून डोकावला. ‘रसिका, लिस्ट का साइन-ऑफ? वो लोग वेट कर रहे हैं यार.’ ‘बस, अभी,’ ती म्हणाली. तिने लिहिलेलं पुसलं आणि यादीच्या मांडणीला आपल्या बाजूची मंजुरी धाडली. उद्घाटन होऊ दे, मग सवडीने करू, असं तिने ठरवलं. पाच वाजून गेल्यावर तिला जे वाटलं त्याला सुटका म्हणतात, आणि त्या सुटकेचीच तिला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

पुढच्या रविवारी सकाळी बागेत ऊन छान पडलं होतं. खुर्च्या भरल्या होत्या, मुनिरक्याला राहून परीक्षांचा अभ्यास करणारी मराठी मुलंमुली घोळक्याने आली होती आणि दगडावर बोटं फिरवत ओळखीची नावं शोधत होती. पळसुले कोट घालून आले. भाषण त्यांनी नाकारलं. सगळ्यांची गर्दी ओसरेपर्यंत बाजूला थांबले आणि मग सातव्या पानापाशी जाऊन आपलं नाव वाचलं. त्याच्या वरची नावं वाचली, खालची वाचली, शेजारची दोन पानंही वाचली. रसिका मागे उभी होती. त्यांनी वळून तिला पाहिलं तेव्हा चेहऱ्यावर तक्रार नव्हती.

‘हरीशजींनी मला कळवलं,’ ते म्हणाले. ‘तो तक्रारदार शुक्रवारपर्यंत सापडला नाही म्हणे. तुम्ही खटपट केलीत, फोन केलेत. आजवर कोणी एवढंही केलं नव्हतं. मी अश्लेषाला म्हटलं, आपलं माणूस म्हणून बाईने जीव लावला.’ आणि त्यांनी हात जोडले. रसिकाला ते जोडलेले हात सहन झाले नाहीत. तिथे दया नव्हती, धैर्यही नव्हतं. पायाखाली निखारा आल्यावर माणूस पाय उचलतो तसं ती बोलून गेली. ‘काका, तटस्थ मीच होते.’

मग त्यांनीच तिला सावरून घेतलं. ‘अच्छा. असं आहे होय. म्हणजे... तुमचा गैरसमज झाला असेल. दोन नावं, एक घर. कुणालाही वाटेल. चूक होते हो माणसाकडून.’ वाट मोकळी होती, त्यांनी स्वतः करून दिलेली. रसिका म्हणाली, ‘नाही. मला माहीत होतं. त्यांनी मला पत्र लिहिलं होतं. तुम्ही दोघं आहात हे सांगितलं होतं. जेवायला बोलावलं होतं.’

पळसुले जवळच्या खुर्चीवर बसले. कोटाचं बटण काढलं, पुन्हा लावलं. ‘पत्र लिहिलं होतं,’ ते स्वतःशीच म्हणाले. ‘मला बोलली नाही. बोलली असती तर मी ओरडलो असतो, परक्या माणसाला घरचा पत्ता दिला म्हणून.’ मग म्हणाले, ‘ती म्हणायची, अहो, हे चुकून झालेलं नाही, त्या माणसाला मी कोण ते ठाऊक आहे. दरवेळी हेच म्हणायची. मी तिला वेड्यात काढायचो. म्हणायचो, उगाच कुणावर आळ घेऊ नकोस, टपाल पोचलंय, उत्तर येईल. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात पुन्हा तो विषय काढला तिने. तेव्हा मी चिडलो. म्हटलं, पुरे आता तुझं हे खोटंनाटं.’

रसिका त्यांच्यापुढे गवतात गुडघ्यांवर बसली. तिला रडू येत होतं आणि या माणसासमोर रडायचा आपल्याला अधिकार नाही हेही कळत होतं. लांबून धीरज हाका मारत होता, ‘अंकल, एक फोटो, अपने नाम के पास!’ पळसुल्यांनी तिकडे पाहिलं नाही.

‘शुक्रवारच्या आधी सांगितलं असतंत, तर तिचं नाव तरी आलं असतं,’ ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, एखादा हिशोब समजावून सांगावा तसं म्हणाले. ‘आणि तेव्हा नाही सांगितलंत, तर मग आज सांगायला नको होतंत.’